तोंड नसलेला पाहुणा

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या राष्ट्रीय उद्यानाचें नांव निघतांच आमच्या बालवाचकांस बिबळ्या आठवतो. त्याच वनांत ॲटलास नांवाचा पतंग (दोऱ्यानें उडवावयाचा नव्हे!) राहतो, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी ९-१० इंचांपर्यंत भरते. पंखांच्या टोकांशीं सर्पमुखाचा भास होतो. त्यामुळें पक्षी बिचकत असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

एवढ्या भव्य जीवास खाण्याजोगें तोंडच नाहीं. अळी असतांना पानें खाऊन सांठविलेल्या पुंजीवर त्याला जेमतेम आठवडा-दोन आठवडे कंठावयाचे असतात. तेवढ्यांत पिसांसारख्या मिशांनीं मादीचा गंध हेरून नराला काळोखांत तिला गांठावें लागतें.

म्हणूनच आमचें पालकांशीं थोडें भांडण आहे. वनालगतच्या इमारतींचे दिवे रात्रभर जळतात. त्यांभोंवतीं घिरट्या घालण्यांत एक रात्र गेली, तर त्या बिचाऱ्याच्या आयुष्याचा केवढा हिस्सा गेला! जिन्यांतील दिवा चोरांच्या भयानें ठेवावा लागतो, हें आम्हांस मान्य आहे; गच्चीवरील शोभेच्या दिव्यांचें समर्थन मात्र आम्हांस सुचत नाहीं.

विद्यार्थ्यांनींही टांचणीनें पेटींत खोंवण्यासाठीं तो धरूं नये. नमुना हवाच असेल, तर छायाचित्र काढावें, आणि भिंतीवर बसलेल्या पाहुण्यास सायंकाळपर्यंत तसेंच राहूं द्यावें. दिवा मालविलेला असला, म्हणजे अंधार पडल्यावर तो आपल्या वाटेनें निघून जाईल.