घर दाखवण्यापूर्वी

राहते घर विकायचे ठरले की घरातल्या माणसांची नजरच बदलते. वर्षानुवर्षे न जाणवलेला भिंतीवरचा डाग, दाराची कुरकुर, माळ्यावरून डोकावणारी बोचकी हे सारे एकाएकी डोळ्यांत खुपू लागते. घर पाहायला येणारा माणूस याच नजरेने उंबरठा ओलांडणार असतो. तेव्हा त्यापूर्वी घर नीटनेटके करणे योग्यच. मात्र वाचकहो, घर सजवणे वेगळे आणि घराचे दुखणे झाकणे वेगळे.

सर्वांत मोठा मोह होतो तो ओलीच्या बाबतीत. न्हाणीघरालगतच्या भिंतीचे पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, वर रंगाचा हात द्यायचा, की भिंत नव्यासारखी दिसते. पण गळती आत तशीच राहते आणि कालांतराने बुरशीचे काळे ठिपके पुन्हा वर येतात. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना दमा व श्वसनाच्या तक्रारींचा धोका अधिक असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे. तो धोका रंगाखाली दडवून आपण दुसऱ्या कुटुंबाच्या हाती सोपवतो. त्या कुटुंबात एखादे तान्हे मूलही असेल. कायद्याचीही याला संमती नाही. आपल्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साध्या दक्षतेने न कळणारा मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ५५ सांगते.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी गळती शोधून बंद करावी, मग भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि त्यानंतरच रंग लावावा. दुरुस्तीची पावती जपून ठेवावी व येणाऱ्याला आपणहून दाखवावी. कोऱ्या रंगाने जो विश्वास मिळत नाही, तो या कागदाने मिळतो.

रंगकामातही घरच्यांची काळजी घ्यावी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे अधिक असू शकते आणि भिंत कोरडी घासली की ते धुळीतून मुलांच्या पोटात जाऊ शकते. भिंत ओली करून घासून घ्यावी, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी आणि त्या दिवसांत लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांची सोय अन्यत्र करावी.

उजेड आणि वारा यांना काहीच खर्च नाही. जड पडदे काढावेत, खिडक्यांच्या काचा पुसाव्यात, खिडकी अडवणारे कपाट हलवावे. सुवासिक फवारे मात्र टाळावेत. त्यांनी दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो आणि ‘येथे कसला वास झाकला आहे?’ अशी शंका पाहुण्याच्या मनात येते, ती वेगळीच.

आता पसाऱ्याविषयी. आपण ज्याला अडगळ म्हणतो, ते बहुधा घरातील वडीलधाऱ्यांचे आयुष्य असते. आजोबांची आरामखुर्ची, आजींची पितळी भांडी त्यांच्या माघारी भंगारात घालू नयेत. दररोज एकच कप्पा, त्यांना शेजारी बसवून, त्यांच्या कलाने आवरावा. काय न्यायचे आणि काय द्यायचे, हे त्यांना ठरवू द्यावे. एक पेटी न उघडता तशीच नव्या घरी जाईल, असा शब्द द्यावा. माळ्यावर त्यांना चढू देऊ नये, कारण उतारवयातील एक पडणे फार महागात पडते. घर दाखवण्याच्या वेळाही ठरवून घ्याव्यात, म्हणजे त्यांची दुपारची झोप मोडणार नाही.

सारे आवरून झाले की रिकाम्या खोलीत क्षणभर उभे राहावे आणि स्वतःला विचारावे, या भिंतीला लागून मी माझ्या नातवाचा पाळणा ठेवीन का? उत्तर निःशंकपणे ‘होय’ असे आले, तर घर दाखवण्याजोगे झाले आहे असे समजावे.