सागरगोटे पडद्यावर

घानातला ओवारे हा खेळ परंपरेने ज्या बियांनी खेळतात त्या आपल्या ओळखीच्या आहेत. राखाडी, गुळगुळीत, टणक सागरगोटे. पाट मात्र निराळा: लाकडात कोरलेल्या सहा-सहा घरांच्या दोन रांगा, घरटी चार बिया, एकूण ४८. आपल्या रांगेतले एक घर रिकामे करायचे आणि पुढच्या घरांत एकेक बी पेरत जायचे. शेवटची बी समोरच्याच्या घरात पडून तिथे दोन किंवा तीन झाल्या, की त्या आपल्या. २५ जमल्या की बाजी मारली.

हा खेळ संगणकावर आणणारे मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहेत. कॅटलोनियात लिहिलेला ‘आउआले’ त्यांपैकी एक. तो जीएनयू जीपीएल परवान्याखाली मिळतो. कोणीही उतरवून घ्यावा, आतला कोड वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. अट एवढीच की पुढच्यालाही तीच मोकळीक राहावी. यात वाईट काय, असे कोणालाही वाटेल. तरी हरकती आहेत आणि त्या झटकून टाकण्याजोग्या नाहीत.

आधी जमेची बाजू. १९४० च्या सुमारास विल्यम ज्युलियस चॅम्पियन या अमेरिकी गृहस्थांनी याच मंकला कुळातला ‘कलाह’ हा सोपा खेळ बेतला आणि पुढे त्याची पेटंटेही घेतली. आज मोबाइलवर ‘मंकला’ म्हणून जे काही मिळते ते बहुतेक वेळा कलाहच असते, वर जाहिरातींचा मारा. ज्या कुळात पश्चिम आफ्रिकेचा ओवारे, युगांडाचा ओमवेसो, झांझिबारचा चार रांगांचा बाओ आणि आपल्या शेजारची तमिळ पल्लांकुळी आहे, त्याची ओळख एका अमेरिकी आवृत्तीपुरती उरते. अशा बाजारात ओवारे ओवारे म्हणूनच खेळू देणारा फुकट प्रोग्रॅम असणे ही मोठी सोय आहे.

आता हरकती. पहिली नियमांची. एकाच चालीत समोरच्याच्या सगळ्याच बिया मारता येत असतील तर काय करायचे? कुठे चाल चालते, पण मार मिळत नाही. कुठे ती चालच मना आहे. कुठे मारायचे, पण एक घर सोडून. पाटाभोवती बसलेली माणसे हे आपसात ठरवतात, कधी भांडूनही. प्रोग्रॅमला वाद घालता येत नाही. त्यात एक उत्तर लिहावेच लागते, आणि नवशिक्याला तेच एकमेव वाटते. खरे तर अबापा हा स्पर्धांचा प्रकार आणि नाम-नाम हा हलकाफुलका प्रकार घानात दोन्ही नांदतात. संगणकावर येतो तो बहुधा अबापा.

दुसरी हरकत आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. घरात दहा-बारा बियांचा ढीग झाला की नजरेने नेमका आकडा कळत नाही. अकरा असतील तर शेवटची बी निघाल्या घराच्या एक घर मागे पडते. बारा असतील तर निघालेले घर वगळायचे असते, त्यामुळे ती एक घर पुढे जाते. एका बीने मार मिळतो किंवा हुकतो. म्हणून मुरलेला खेळाडू भर पडत जाते तसा हिशेब मनात ठेवतो. पडद्यावर घराशेजारी ‘११’ असे छापून आले, की या कसबाची गरजच संपते. बघ्यांची शेरेबाजी आणि फुकटचे सल्लेही जातात. पण त्याचे खापर प्रोग्रॅमवर कशाला? घरात एकट्याने खेळणाऱ्याला ते तसेही मिळत नव्हते.

यंत्राने खेळ संपवून टाकला, ही तक्रार मात्र आम्हाला पटत नाही. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीत जॉन रोमाइन आणि हेन्री बाल यांनी १४४ प्रोसेसरांच्या यंत्रावर सुमारे ८८,९०० कोटी स्थिती तपासल्या. दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, २४-२४. पण तेवढ्या स्थिती कोणाच्या डोक्यात मावणार? शिवाय हा निकाल त्यांनी यंत्राला दिलेल्या नियमांपुरताच.

मग पारडे कुठे झुकते? आमच्या मते मुक्तस्रोताच्या बाजूने, आणि कारण फुकटपणा नव्हे. बंद ॲपमध्येही नियम कोणीतरी निवडलेलाच असतो. तो दिसत नाही, हटवता येत नाही. इथे तो कोडमध्ये उघडा पडलेला असतो. मात्र ही मोकळीक कोड लिहिता येणाऱ्यांपुरती आहे, आणि घानातल्या कुमासी शहरातल्या एखाद्या कसलेल्या खेळाडूला प्रोग्रॅमिंग येत नसेल तर त्याच्या लेखी उघडा कोडही बंदच. तेव्हा नियमांचे पर्याय कोडमधून काढून मेनूमध्ये आणावेत, प्रत्येकापुढे तो कुठल्या प्रकाराचा ते लिहावे, संवाद तिथल्या त्वी भाषेतही असावेत, आणि हे सगळे साध्या मोबाइलवर चालावे. ही कामे वेळखाऊ आहेत, स्वयंसेवकांच्या सवडीनेच होणार. बियांचे आकडे झाकण्याचे बटण त्या मानाने किरकोळ काम; जिथे नसेल तिथे तेवढे आधी करावे.