शवविच्छेदन दाव्यापुरतं की निदानासाठी?

ऐन मे महिन्यात सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरून सकाळीच फोन येतो. म्हैस रात्रीत गेली, पोट टम्म फुगलंय, विमा उतरवलेला आहे. दवाखान्यातली गर्दी उरकून पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. कानातला बिल्ला पाहायचा, फोटो काढायचे, पोटावर एक काप द्यायचा आणि अहवालात लिहायचं, ‘पोटफुगीने मृत्यू’. दाव्याला एवढं पुरतं. मालकाला पैसे मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती म्हैस कशाने गेली आणि दावणीला उरलेल्या जनावरांना काही धोका आहे का, हे त्या कागदावरून कुणालाच कळत नाही.

फुगलेलं पोट हा पुरावा नव्हे. जीव गेल्यावरही कोटीपोटातलं आंबणं चालूच राहतं आणि मराठवाड्याच्या उन्हात काही तासांतच कुठलंही मेलेलं जनावर फुगतं. खरी पोटफुगी ओळखायची तर अन्ननलिका गळ्यापासून खालपर्यंत उभी चिरून पाहावी लागते. जिवंतपणी दाब वाढलेला असेल, तर अन्ननलिकेचा मानेतला भाग लालभडक, रक्त साकळलेला असतो आणि छातीतला भाग पांढुरका पडलेला असतो. जिथे छाती सुरू होते तिथे या दोन रंगांची सीमा बोट ठेवून दाखवता येते. मानेकडच्या लसिकाग्रंथी रक्ताने भरलेल्या असतात, फुप्फुसं दबलेली असतात. मेल्यावर फुगलेल्या जनावरात ही सीमा मिळत नाही.

कोटीपोटाच्या अस्तराचंही असंच. हात लावताच ते सोलून आलं की लगेच ‘विषबाधा’ असा शेरा पडतो. वास्तविक मृत्यूनंतर काही तासांत ते निरोगी जनावरातही सुटतं. आतड्याला चिकटून राहिलेल्या यकृतावरचा हिरवट-काळा डागही कुजण्याचाच असतो. याउलट खऱ्या विषबाधेच्या खुणा थांबत नाहीत. कोवळी ज्वारी खाऊन सायनाइडने गेलेल्या जनावराचं रक्त भडक लाल दिसतं, नायट्रेटने गेलेल्याचं चॉकलेटी, पण उशीर झाला की हे रंग जातात. जिवंतपणी झालेला बदल कोणता आणि मेल्यावर झालेला कोणता, हा विकृतिशास्त्राचा पहिला धडा आहे. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेपुरता शिकून सोडून द्यायचा नसतो.

हे शास्त्र उभं राहिलं तेच उघडलेल्या शरीरांवर. 1761 साली पदुआच्या मॉर्गान्यीने शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे रोगाचा ठाव अवयवांत शोधणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये बूर्जेला यांना लियों येथे जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा काढायची परवानगी मिळाली. युरोपभर बुळकांडीने गोठे ओस पडत होते, हे त्यामागचं एक मोठं कारण. 1858 मध्ये विर्खो यांनी रोगाचं मूळ पेशीपर्यंत नेलं. त्यानंतरचं नाव मला तालुक्यात काम करणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्यापुढे मुद्दाम ठेवावंसं वाटतं, ते रॉबर्ट कोख यांचं. 1876 मध्ये त्यांनी अँथ्रॅक्सच्या जिवाणूचं जीवनचक्र दाखवून दिलं तेव्हा ते कुठल्या मोठ्या संस्थेत नव्हते. वोल्श्टाइन या लहान गावी सरकारी वैद्यकीय अधिकारी होते. भोवतालच्या भागात जनावरं अँथ्रॅक्सने, म्हणजेच फाशीने, मरत होती. त्यांचं रक्त घरच्याच सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांनी हा शोध लावला.

आपल्याकडे मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 चं. 1889 मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. 1893 मध्ये ती कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरला हलवली गेली आणि पुढे तिचीच आयव्हीआरआय झाली. आजची देशातली सर्वांत मोठी पशुवैद्यकीय संशोधन संस्था पुण्यात जन्मली, हे आपल्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. 1897 मध्ये कोख स्वतः मुक्तेश्वरला येऊन गेले. बुळकांडीवरचं पुढचं बरंच काम तिथेच झालं. 2011 मध्ये हा रोग जगातून गेल्याची घोषणा झाली. मोठ्या आतड्यात उमटणारे त्याचे झेब्र्यासारखे पट्टे आजच्या तरुण पशुवैद्यकांनी फक्त चित्रात पाहिलेले आहेत. पण तसेच पट्टे शेळ्यांच्या पीपीआरमध्येही दिसतात, आणि पीपीआर आपल्याकडे आहे. मेलेल्या शेळीचं आतडं उघडलंच नाही, तर ते दिसणार कसे?

एका बाबतीत मात्र सुरी लावायचीच नाही. जनावर अचानक मेलं, नाका-गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त येतंय, अंग नीट ताठरलेलं नाही, तर शव उघडू नका. हवा लागली की अँथ्रॅक्सचे जिवाणू बीजाणू धरतात आणि ती जमीन वर्षानुवर्षं दूषित राहते. हातमोजे घालून कानाच्या शिरेतल्या रक्ताचा काचपट्टीवर पातळ लेप घ्या. पॉलिक्रोम मिथिलिन ब्ल्यूने रंगवल्यावर निळ्या दांड्यांभोवती गुलाबी आवरण दिसलं तर निदानाची दिशा मिळाली. जिल्ह्याला ताबडतोब कळवा.

बाकीच्या शवांबाबत ‘प्रयोगशाळा लांब आहे’ ही सबब आम्हाला मान्य नाही. सेनगावहून परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय एका दिवसाच्या टप्प्यात आहे. तिथे 1972 पासून शिकवणं सुरू आहे, पशुविकृतिशास्त्र विभाग आहे. पेशींच्या तपासणीला बर्फ लागत नाही, उलट ऊती गोठवल्या तर नमुना वाया जातो. रुंद तोंडाची बरणी हवी. एक भाग बाजारचं फॉर्मलिन आणि नऊ भाग पाणी. ऊतीचे तुकडे एक सेंटीमीटरपेक्षा जाड नकोत, आणि द्रावण त्यांच्या दहापट. तुकडा घेताना रोगट आणि चांगला दोन्ही भाग त्यात यायला हवेत. सोबत जनावराचं वय, चारा, लसीकरण, मृत्यूची आणि शवविच्छेदनाची वेळ लिहा. ही शेवटची नोंद बहुतेक नमुन्यांसोबत नसते, आणि तिच्यावाचून समोरचा तज्ज्ञ कुजणं कोणतं नि रोग कोणता हे खात्रीने सांगू शकत नाही.

पशुसंवर्धन विभागाकडेही आमची मागणी आहे. तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात फॉर्मलिन, बरण्या, धारदार सुऱ्या आणि हातमोजे औषधांइतक्याच नियमाने पोचले पाहिजेत. प्रयोगशाळेचा निष्कर्ष फक्त वरिष्ठ कार्यालयाच्या फायलीत न जाता नमुना पाठवणाऱ्या पशुधन विकास अधिकाऱ्याच्या हाती पडला पाहिजे. आपलं निदान बरोबर ठरलं की चुकलं हे त्याला कळलं, तर पुढच्या वेळी तो अन्ननलिका चिरून पाहील.