बाक कुणाच्या नावाचा?

बसल्या जागेवरून / इंदिरानगरकर

प्रार्थनास्थळाचं बांधकाम निघालं की समितीच्या बैठका फरशीवर रंगतात, दिव्यांवर रंगतात, कळसाच्या नाहीतर क्रुसाच्या उंचीवर तर हमखास रंगतात. लोकांनी बसायचं कशावर, हा मुद्दा मात्र शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून येतो. तोवर पैसा संपलेला असतो. मग कुणी ओळखीचा सुतार सुचवतं, कुणी हंड्रेड फीट रोडवरच्या दुकानातून कोटेशन आणतं आणि घाईत घेतलेल्या त्या निर्णयावर पुढच्या दोन पिढ्या बसतात.

आमच्या भागातल्या एका चर्चच्या समितीवरचे ओळखीचे गृहस्थ परवा हाच प्रश्न घेऊन आले. जुने बाक दुरुस्त करायचे, नवे करायचे, की सरळ खुर्च्या घ्यायच्या? त्यांना लाकडाबद्दल विचारायचं होतं. लाकडाबद्दल बोलू, पण आधी थोडं मागे जायला हवं, कारण बसण्यावरून वाद घालण्यात आपलं बंगळुरू जुनं आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक उपासनेत स्थानिक रीतींना दार उघडून दिलं. फादर डी. एस. अमलोरपवदास यांनी १९६७ मध्ये बंगळुरूत एनबीसीएलसी हे बायबल, धर्मशिक्षण आणि उपासनेचं राष्ट्रीय केंद्र सुरू केलं आणि एप्रिल १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा बदलांना मान्यता दिली. त्या यादीत पहिलाच मुद्दा बसण्या-उठण्याचा होता. भाविकांनी आणि धर्मगुरूंनीही जमिनीवर बसायला, पादत्राणं बाहेर काढायला हरकत नाही. हात जोडून नमस्कार, आरती वगैरे पुढचे मुद्दे. इंदिरानगरपासून फार लांब नसलेल्या त्या केंद्राचं प्रार्थनागृह देवळाच्या घाटाचं आहे आणि तिथे मांडी घालूनच बसतात.

या गोष्टीला पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी शहरातल्या बहुतेक चर्चमधले बाक जागचे हलले नाहीत. सवय हे त्याचं एक कारण. दुसरं जरा टोचणारं आहे. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी या भारतीयीकरणावर आक्षेप घेतला, की यातलं ‘भारतीय’ हे बरंचसं वरच्या जातींच्या देवघरातलं आहे. बसण्यापुरतं बोलायचं तर आक्षेप समजायला मराठी माणसाला लांब जावं लागू नये. शाळेत आपल्याला एकट्याला वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे, हे डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्याला जमिनीवर बसवलं गेलं, त्याच्या लेखी बाक म्हणजे मान. हौसेने मांडी घालणाऱ्याला जमीन म्हणजे नम्रता. दोघांना एकच सतरंजी अंथरून प्रश्न सुटत नाही.

बाकानेही फार पुण्य केलंय असं नाही. युरोपात मध्ययुगातल्या चर्चमध्ये लोक बहुतांशी उभेच असत. धर्मसुधारणेनंतर प्रवचनं लांबली आणि बाक सर्रास आले. बाकाबरोबर भाडंही आलं. पुढची रांग पैसेवाल्या कुटुंबांची, फुकटची जागा मागे. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात खुलं झालं. तिथे हुद्द्याप्रमाणे जागा ठरलेल्या होत्या आणि त्यात ‘कनिष्ठ स्त्रिया’ असाही एक वर्ग होता. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. १० मे १८५७ ला मेरठची ठिणगी पडली तो रविवार होता, आणि त्यानंतर गोरे शिपाई उपासनेलाही हत्यारं घेऊन बसू लागले. त्या वेळची भीती सुताराने लाकडात कोरून ठेवली आहे.

जमिनीचा आग्रह सर्वांत नेटाने कुणी धरला असेल तर शिखांनी. आमच्या शेजारी हलसूर तळ्याकाठी गुरुद्वारा आहे. गुरू ग्रंथसाहिबापुढे संगत खालीच बसते, लंगरची पंगतही खालीच, राजा असो वा रंक. कॅनडात काही गुरुद्वारांच्या लंगरमध्ये टेबल-खुर्च्या आल्या आणि त्यावरून १९९७ मध्ये सरे शहरात हाणामारीपर्यंत प्रकरण गेलं. एप्रिल १९९८ मध्ये अकाल तख्ताने लंगरमधल्या टेबल-खुर्च्यांना मनाई करणारा हुकूम काढला. बाहेरच्याला हा हट्ट वाटेल. मला त्यामागचा हिशोब पटतो. सगळे एका पातळीवर बसले की कुणाचं आसन उंच हा प्रश्नच उरत नाही.

पण गुडघे उरतात. इंदिरानगरात सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरं बांधलेली पिढी, त्यात निवृत्त फौजी आले, एचएएलवाले आले, आता काठी टेकत फिरते. देवळातल्या सप्ताहात कीर्तन ऐकायला ही मंडळी येतात आणि भिंतीकडेला मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जाऊन बसतात. नवरा खुर्चीवर, बायको सतरंजीवर, मध्ये वीस माणसं. वय झालं म्हणून आपल्या माणसांतून उठून कडेला जाणं हीसुद्धा एक प्रकारची हकालपट्टीच आहे, कितीही प्रेमाने केली तरी.

म्हणून माझं म्हणणं असं, की बैठक ठरवताना पहिला प्रश्न एकच विचारावा. आपल्या मांडणीमुळे कुणाला उठून वेगळं बसावं लागणार आहे? त्याचं उत्तर मिळालं की सुताराला बोलवा.

आता लाकूड. सागवान उत्तम, पण महाग. फणस टिकतो. सिल्व्हर ओक कर्नाटकात कॉफीच्या मळ्यांमुळे मुबलक मिळतो, मात्र नीट सुकवलेला घ्यावा. बसायची उंची जमिनीपासून सतरा-अठरा इंच. याहून खाली गेलात तर म्हाताऱ्या माणसाला उठताना हात धरावा लागतो. पाठ किंचित मागे कललेली हवी. काटकोनातली पाठ अर्ध्या तासात कंबर धरते. माणशी वीस इंच धरले तर दहा फुटी बाकावर सहाजण नीट मावतात. सणावारी सातवा आपोआप मावतो. रांगेपासून रांग तीन फुटांवर ठेवा, म्हणजे गुडघे टेकायची फळी पाडूनही पाय अडकत नाहीत. आणि त्या फळीखाली रबराचे तुकडे ठोका. प्रार्थनेच्या ऐन शांततेत साठ फळ्या एकामागून एक फरशीवर आपटतात तेव्हा फटाक्यांची माळ लागल्यासारखं होतं. फोमच्या गाद्यांचा मोह टाळा. रेक्झिन फाटतं, पावसाळ्यात कुबट वास धरतं. वेताची विणलेली बैठक हवा खेळती ठेवते, फक्त ती पुन्हा विणणारा माणूस शोधून ठेवायला हवा.

सगळ्यात महत्त्वाचं, बाक जमिनीला ठोकू नका. सरकते बाक असले की तीच जागा लग्नाला, मयताला, मुलांच्या वर्गाला वेगवेगळी लावता येते. पुढचा चौक मोकळा सोडून जाजम अंथरा, ज्याला मांडी घालायची तो घालेल. तीन-चार रांगांमध्ये एकेक बाक आखूड करा, म्हणजे चाकाची खुर्ची रांगेतच, घरच्यांच्या शेजारी लागेल. ही मेहेरबानी समजू नये. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यातल्या सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कामाच्या वास्तूही येतात.

राहिला पैशाचा मुद्दा. समितीची योजना ठरलेलीच आहे. एक बाक, एक देणगीदार, पाठीवर पितळी पट्टी, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. देवळातल्या पायऱ्या, पंखे, पाण्याच्या टाक्या यांच्यावर आपण हे पाहतोच. त्या गृहस्थांना मी साफ सांगितलं, पट्टी नको. पट्टी लागली की वर्षभरात ‘आमचा बाक’ सुरू होतं आणि तिथे बसलेला नवखा भाडेकरू कुणाच्या तरी नजरेने उठतो. सेंट थॉमसमध्ये निदान वर्ग उघड ठरवलेले होते, आपण ते पितळेने चोरून ठरवतो. देणगीदारांची नावं दाराशी एका फलकावर लावा, वर्णानुक्रमे, रकमेशिवाय.

नावाची एकच जागा मला मान्य आहे. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये एलियाहू संदेष्ट्याची खुर्ची असते. सुंतेच्या विधीला ती लागते, एरवी तिच्यावर कुणी बसत नाही. जागा राखून ठेवायची तर अशाच पाहुण्यासाठी, ज्याची देणगी घ्यायची नसते.

समितीला शेवटची सूचना. ऑर्डर देण्याआधी सगळ्या सभासदांनी एक पूर्ण उपासना सर्वांत मागे, खांबाआड, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे बसून काढावी. नमुन्याचा बाकही तिथेच मांडावा. तिथे तासभर बसवलं तरच घ्यावा.

— इंदिरानगरकर