गुडघेदुखी : गोळीवर दिवस काढू नका

गुडघा दुखला की मेडिकलमधून गोळी आणायची आणि कामाला लागायचे, हे आम्ही वस्तीत नेहमी पाहतो. डॉक्टरांना न विचारता रोज घेतलेली वेदनाशामक गोळी जठरात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा करू शकते.

सांध्यातली झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. दुखणे मात्र आटोक्यात राहते. खुर्चीत बसून पाय सरळ करावा, पाच आकडे मोजून खाली घ्यावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. जादा वजनातले १ किलो उतरले, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी.

शस्त्रक्रिया शेवटचा उपाय. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली. बिल तपासून घ्यावे.

आणि पाण्याचा हंडा आता घरातल्या मुलांनी उचलावा.