घाम एकाचा, पगार दुसऱ्याचा

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने एका तडजोडीवर शिक्कामोर्तब केले आणि विद्यापीठांना आपल्या खेळाडू-विद्यार्थ्यांना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाने सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटायला हरकत नव्हती. लगेच गळे काढले गेले: शिक्षणाच्या आवारातला हौशी खेळ संपला! संपला हे खरे, पण तो संपून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. त्याचा धागा अ‍ॅमॉस अलॉन्झो स्टॅग या अत्यंत सज्जन माणसापर्यंत जातो.

१८६२ साली न्यू जर्सीत जन्मलेले स्टॅग येल विद्यापीठाचे नामांकित खेळाडू होते. बेसबॉलमध्ये त्यांच्या गोलंदाजीला व्यावसायिक संघांकडून मागण्या आल्या. पैशासाठी खेळणे तत्त्वात बसत नाही म्हणून त्यांनी त्या परतवल्या. धर्मोपदेशक व्हायचे मनात होते, पण व्यासपीठावर वाणी चालेना. मग ते स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत गेले. तिथे जेम्स नायस्मिथ यांनी बास्केटबॉल नावाचा नवा खेळ काढला होता. ११ मार्च १८९२ रोजी त्याचा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असे हरवले. शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅग यांचा.

त्याआधीच त्यांच्या आयुष्याचा सौदा ठरून गेला होता. येलमधले त्यांचे गुरू विल्यम रेनी हार्पर शिकागोत नवे विद्यापीठ उभारत होते. एका न्याहारीला त्यांनी स्टॅगपुढे क्रीडाविभागाचे पद ठेवले, पगार १,५०० डॉलर. स्टॅग विचारात पडून गप्प. हार्पर यांना वाटले, रक्कम कमी पडली. ते २,००० वर गेले. स्टॅग तरीही गप्प. शेवटी आकडा २,५०० वर पोचला आणि सोबत सहयोगी प्राध्यापकपद, म्हणजे तहहयात नेमणूक. हा किस्सा खुद्द स्टॅग यांनीच सांगितलेला. खेळाचा प्रशिक्षक प्राध्यापकांच्या पंगतीत बसला तो असा.

पुढची एक्केचाळीस वर्षे त्यांनी ती नोकरी इमानाने केली. १८९२ च्या पहिल्या मोसमात पोरे कमी पडली तेव्हा ते स्वतः मैदानात उतरले. १८९६ च्या जानेवारीत त्यांच्या शिकागोने आयोवात जाऊन पाच-पाच गड्यांचा बास्केटबॉल सामना १५-१२ असा जिंकला. महाविद्यालयीन पातळीवरचा तो अशा प्रकारचा आद्य सामना मानतात. १९०५ मध्ये अमेरिकी फुटबॉलमध्ये मिशिगन विद्यापीठाची छप्पन सामन्यांची अपराजित घोडदौड त्यांनी २-० असा निसटता विजय मिळवून रोखली. विद्यापीठांच्या परिषदेची अजिंक्यपदे सात. दारू नाही, तंबाखू नाही, तोंडात शिवी नाही.

पण याच माणसाच्या हाताखाली विद्यापीठाचा फुटबॉल हा तिकीटविक्रीचा मोठा उद्योग झाला. होतकरू शाळकरी खेळाडूंना शिकागोत आणायला त्यांनी आंतरशालेय मैदानी स्पर्धा भरवल्या. १९०५ मध्ये ‘कॉलिअर्स’ साप्ताहिकाने लेखमाला छापून आरोप केला की संघाचा हुकमी खेळाडू वॉल्टर एकरसॉल याला प्रवेशाची पात्रता पुरी नसताना विद्यापीठाने घेतले. आणि १९२३ मध्ये याच स्टॅग यांनी जाहीर पत्र लिहून रविवारचा धंदेवाईक फुटबॉल हा महाविद्यालयीन खेळाला धोका असल्याचा इशारा दिला. पैशाने खेळ बाटतो, असे पगारी प्रशिक्षकाने बिनपगारी पोरांना सांगायचे! यात ढोंग नव्हते, हीच खरी पंचाईत. स्वतःचा पगार हा त्यांच्या लेखी शिक्षकाचा पगार होता. विद्यापीठाने बहाल केलेल्या प्राध्यापकपदाने तो व्यवहार इतका सोवळा करून टाकला की त्यांना त्यात वावगे दिसलेच नाही.

तहहयात शब्दाचीही पुढे परीक्षा झाली. सत्तरी गाठताच विद्यापीठाने वयाच्या नियमावर बोट ठेवून त्यांना मैदानावरून दूर केले. स्टॅग घरी बसले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले. १९३८ मध्ये त्यांच्या या छोट्या कॉलेजने शिकागोत येऊन, स्टॅग यांचेच नाव दिलेल्या मैदानावर, शिकागोला ३२-० असे धुतले. वयाच्या ८१ व्या वर्षी, १९४३ मध्ये, ते वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. १९६५ मध्ये १०२ वर्षांचे होऊन गेले. इकडे शिकागोने १९३९ मध्ये मिशिगनकडून ८५-० असा मार खाल्ला आणि अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉलच बंद केला.

हचिन्स यांची त्या वेळी टवाळी झाली, पण त्यांचा हिशेब सरळ होता: विद्यापीठाने करमणुकीचा धंदा करू नये. १९६९ मध्ये शिकागोने फुटबॉल पुन्हा सुरू केला तोही याच बेताने. आज तिथे खेळाच्या बळावर शिष्यवृत्ती मिळत नाही. दुसरा सरळ मार्ग म्हणजे धंदा आहे हे मान्य करून खेळणाऱ्याला त्याचा वाटा देणे. तो आता उघडला आहे. प्रशिक्षकाला पगार आणि खेळाडूला काही नाही, हा मधला मार्ग मात्र सर्वांत जास्त काळ चालला. त्यात स्टेडियमे उभी राहिली, आणि आज अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सर्वांत वर फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाचे नाव असते. ध्येयवादाचे ओझे तेवढे विद्यार्थ्यांच्या खांद्यावर होते. त्यांना चार पैसे मिळाल्याने खेळाचे पावित्र्य भंगले असे ज्यांना वाटते, त्यांनी प्रशिक्षकाच्या करारावर सही होताना ते कुठे होते, हेही सांगावे.