सनद मिळाली, पुढे कोणाची बाजू?



चाकण, खेड, मावळच्या गावांतून आता वकिली शिकणारी पोरं-पोरी दिसतात. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे, मग सनद. पुढे काय?

वाटा पुष्कळ आहेत. भोसरी-चाकणच्या कारखान्यात विधी अधिकारी. पण पूर्णवेळ पगार घेतला की वकिली बंद. बिल्डरसाठी सातबारे-फेरफार चाळण्याचे काम. स्पर्धा परीक्षेतून सरकारी वकील. न्यायाधीश व्हायचे, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने आधी तीन वर्षे वकिली सक्तीची.

आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा असेच झाले. शिकलो शेतीच्या नावाने आणि बरेचजण गेलो खत-औषध कंपन्यांत. शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडणारे थोडेच उरले. वकिलीतही तेच होईल.

एमआयडीसी जमीन घेते ती १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याने. मोबदला कमी वाटला तर कोर्टाकडून वाढवून मागण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. पण अर्ज मुदतीत हवा. नोटीस वाचून वेळेत सांगणारा घरचा वकील नसतो, म्हणून टक्केवारीवाला गाठ पडतो. वाढीव रकमेत वकिलाने वाटा ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे किती खातेदारांना ठाऊक आहे?

मग आपली पोरं कोर्टात का टिकत नाहीत? नवख्या वकिलाची पहिली वर्षे फाक्याची जातात. ज्युनियरला महिना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले. सुचवले, सक्ती नाही. घरी कर्ज असलेला पोरगा पगाराकडे वळला तर त्याला दोष कसा द्यावा?

दोष आपला आहे. मोबदल्याच्या पैशातून गाड्या आल्या, लग्ने थाटात झाली. त्यातलाच थोडा पैसा पाच गावांनी एकत्र काढावा. नोटिसा वाचणे, अर्ज करणे, तारखांना उभे राहणे ही कामे आपल्याच ज्युनियरांना द्यावीत. पगार नको, टक्केवारी नको. कामागणिक फी द्यावी आणि पावती घ्यावी.

या बैठकीत प्रत्येक गावाने आपल्या सनदधारकांची यादी करावी. आपण मालाला रास्त भाव मागतो. आपल्या वकिलाच्या कामालाही तो द्यायला शिकूया.